शेजारी २१६ फ्लॅटचे टॉवर येताहेत, आमच्या पाण्याचं काय होणार?

रोहाऊसवाली (पाथर्डी फाटा)

नमस्कार मंडळी, इथे नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याच्या आतल्या बाजूला रो-हाऊसच्या लेआऊटमधे राहतो, एकूण ३४ घरं, २००६ ला आलो तेव्हा समोर मळा होता आणि रात्री कोल्हे ओरडायचे (सासूबाई अजून ते सांगतात, आम्ही खरं तर एकदाच ऐकले). तो मळा गेल्या वर्षी विकला गेला, पत्रे लागले, बोर्ड लागला, आणि बोर्डावर वाचलं तेव्हा पोटात गोळाच आला. दोन टॉवर, १२ मजले, २१६ फ्लॅट आणि खाली दुकानं. पोकलेन महिनाभर चालू होता, आता खड्ड्यात जाळी बांधायचं काम सुरू झालंय.

सध्याची परिस्थिती सांगते. पाणी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी येतं आणि सात वाजता जातं. त्यात खालचा नळ बरा चालतो पण गच्चीवरची टाकी भरत नाही, उन्हाळ्यात तर चूळ भरायला बसल्यासारखं येतं. ड्रेनेजचं चेंबर आमच्याच गेटसमोर आहे आणि जुलै-ऑगस्टमधे जोराचा पाऊस झाला की त्याचं झाकण उचललं जातं, पुढचं सांगत नाही, कोणी जेवत असेल. गल्ली ९ मीटरची आहे म्हणे, पण दोन्ही बाजूला गाड्या लागल्या की घंटागाडीसुद्धा रिव्हर्समधे येते.

रविवारी गणपती मंदिरात मीटिंग झाली. निम्मे म्हणाले मोर्चा काढू, दोघं म्हणाले कोर्टातून स्टे आणू, आणि आमचे शेजारी म्हणाले गप्प बसा, टॉवर आला की आपल्या घराचे भाव वाढतील. मला एवढंच विचारायचंय की अशी मोठी स्कीम आली की आधीच्या लोकांच्या पाणी, ड्रेनेज, शाळा, दवाखाना ह्यावर खरंच किती परिणाम होतो, आणि काय करायचं असेल तर ते आत्ता करायचं की लोक राहायला आल्यावर? ज्यांच्याकडे असं झालंय त्यांनी कृपया सांगा.

टी_मारणारा (सातपूर)

ताई, मी पाण्याच्या लाईनी टाकायच्या कामात अठरा वर्षं आहे, ठेकेदाराच्या बाजूने, त्यामुळे पाण्याचंच बोलतो, बाकीचं इतर लोक सांगतील.

आधी हिशोब करू. २१६ फ्लॅट, घरटी पाच माणसं धरायची पद्धत आहे, म्हणजे १०८० माणसं. ड्रेनेज असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण आहे, गुणाकार करा, १ लाख ४५ हजार ८०० लिटर. दहा हजारी टँकर धरला तर रोजचे पंधरा टँकर. तुमच्या ३४ घरांना ह्याच हिशोबाने २३ हजार लिटर लागतं. म्हणजे एका ओळीत सांगायचं तर तुमच्या गल्लीशेजारी तुमच्यासारखे अजून सहा लेआऊट येऊन बसताहेत.

पण गावात पाणी नाही म्हणून तुमचा नळ बारीक होईल असं समजू नका. गंगापूर धरण आहे, दारणा आहे, आणि मुकणेचं पाणी ज्या विल्होळीच्या केंद्रात शुद्ध होतं ते तर तुमच्या उशाशी आहे. अडचण असते ती गल्लीतल्या लाईनची. तुमच्या गल्लीत २००६ च्या लेआऊटची लाईन असेल तर बहुतेक चार इंची, म्हणजे १०० एमएम. तीच सहा इंची असती तर तेवढ्याच प्रेशरला जवळजवळ तिप्पट पाणी गेलं असतं, दीडपट नाही, तिप्पट. लोकांना हे खरं वाटत नाही पण पाईपचं गणित तसंच आहे, आणि म्हणून सगळा खेळ लाईन किती इंची आणि टी (म्हणजे नवीन जोडणीचा फाटा) कुठे मारली ह्याचा आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मोर्चात कोणी बोलणार नाही. तुमच्या टाक्या गच्चीवर आहेत, म्हणजे पाण्याला पंचवीस-तीस फूट चढून यायचंय. टॉवरची टाकी, म्हणजे संप, जमिनीखाली असणार. त्याच लाईनवर खाली एवढं मोठं तोंड उघडं असलं की पाणी आधी तिकडेच पडणार, ते बिचारं कशाला चढेल. त्यांनी मोटार लावली पाहिजे असंही नाही, नुसती टाकी रिकामी असली तरी पुरतं. संप भरेपर्यंत तुमचा तासाभराचा टाईम संपलेला असतो. ह्यात त्या बिल्डिंगमधल्या माणसांचा काही गुन्हा नसतो.

म्हणून विचारायचं ते हे: टॉवरचं कनेक्शन कुठल्या लाईनवर आहे. बारा मजले ९ मीटर गल्लीवर मिळत नाहीत, २०२० ची जी युनिफाईड नियमावली आली तिच्यात बेसिक एफएसआय (प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येतं ते) १.१, त्यावर पैसे भरून मिळणारा प्रीमियम आणि टीडीआर (दुसरीकडून घेतलेला बांधकामाचा हक्क), ते किती मिळणार हे रस्त्याच्या रुंदीवर, आणि वर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत जादा, म्हणजे अॅन्सिलरी. म्हणजे त्यांचं तोंड नक्की पलीकडच्या मोठ्या डीपी (विकास आराखड्यातल्या) रोडकडे असणार. तर मग पाणीही तिकडच्या मोठ्या लाईनवरून घ्या, आमच्या गल्लीतून टी मारू नका, एवढी एकच मागणी लेखी द्या. गल्लीतली लाईन जवळ पडते म्हणून तिथूनच जोडायचा मोह होतो, खोदाई कमी लागते ना.

आणि आजपासून एक काम करा. १५ लिटरची बादली घ्या, खालच्या नळाखाली ठेवा, मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, भरायला किती सेकंद लागतात ते रोज कॅलेंडरवर लिहा. वेळही लिहा, किती वाजता आलं किती वाजता गेलं. टॉवर चालू झाल्यावर "पाणी कमी झालं" असं सगळेच म्हणतात, आधी किती होतं ते कोणाकडेच लिहिलेलं नसतं.

सातवा_मजला (आडगाव)

मी त्या "दुसऱ्या" बाजूचा. आम्ही असल्याच टॉवरमधे राहतो आणि खाली रो-हाऊसवाले आमच्याकडे असे बघतात जसं काही आम्ही त्यांचं पाणी पळवायलाच कर्ज काढून आलोय.

ताई, चौदा महिने आम्ही टँकरवर काढले. ब्रोशरमधे धबधबा होता. पझेशनला गेलो तेव्हा कळलं की लाईनच यायची आहे, आणि अॅग्रीमेंट घरी आणून नीट वाचलं (सही करून झाल्यावर, हो, शहाणपण नंतरच येतं) तर त्यात एक ओळ होती की नळाचं पाणी मिळेपर्यंत टँकरचा खर्च सदनिकाधारकांनी करायचा. ती ओळ आमच्यातल्या एकानेही वाचली नव्हती, आणि त्यात एक सीए आहे. मेंटेनन्सचा अर्ध्याच्या वर पैसा टँकरमधे जायचा. रात्री दोनला टँकर रिव्हर्स घेतोय आणि खालचे लोक खिडकीतून ओरडताहेत, त्यांचंही चूक नव्हतं.

सांडपाण्याचा प्लांट बसवलेला आहे, कागदावर झकास आहे, पण तो चालवायला लाईट बिल येतं आणि बघायला माणूस लागतो, बिल्डरने हॅंडओव्हर केल्यावर सोसायटीच्या पहिल्याच मीटिंगमधे एक काका म्हणाले हे बंद ठेवलं तर महिन्याला किती वाचतील. मग काय, चार महिने बंद. ते सगळं कुठे गेलं असेल ते तुम्हीच ओळखा, खालच्या चेंबरमधे. आता चालू केलाय, फ्लशला आणि बागेला तेच पाणी वापरतो, टँकर निम्म्यावर आले. आधीच केलं असतं तर किती बरं झालं असतं.

माझं म्हणणं, टॉवरमधे लोक आले की त्यांच्याशी भांडण सुरू करू नका. आम्ही आणि खालच्या लेआऊटवाले वेगवेगळे अर्ज करत बसलो, प्रत्येकाला वेगळं उत्तर. एकत्र सही केली तेव्हा हललं.

जुना_पंचवटीकर

भो, तुम्ही २००६ ला आलात तेव्हा तुमच्या ३४ घरांमुळे कोणाचं पाणी कमी झालं ते विचारलंत का कोणाला? गंमत करतोय, राग मानू नका, पण नाशकात हे चक्र असंच चालू आहे, आधीचा नंतरच्याला शिव्या देतो.

महापालिका झाली १९८२ ला, नाशिक, नाशिकरोड, सातपूर आणि आजूबाजूची खेडी एकत्र करून, तेव्हा २५९ चौरस किलोमीटरचं अंगण मिळालं आणि त्यात घरं बांधत बांधत आपण २०११ च्या जनगणनेला पंधरा लाखांजवळ आलो. मळ्यात आधी घरं येतात, मग रस्ता, मग लाईट, मग पाण्याची लाईन, आणि ड्रेनेज येईपर्यंत पोरं कॉलेजला जातात.

तुम्ही स्टे म्हणताय तर २०१५ आठवा. खत प्रकल्प नीट चालत नाही म्हणून हरित लवादाने नवीन बांधकाम परवानग्यांवरच निर्बंध आणले होते. कल्पना बघायला गेलं तर बरोबरच, कचऱ्याची सोय नाही तर घरं कशाला वाढवता. पण झालं काय, बांधकामं अडकली, मजूर घरी, बुकिंग केलेले लोक हप्ते पण भरताहेत आणि भाडं पण भरताहेत. त्याच सुमाराला ते कपाटाचं प्रकरण, कपाटाची जागा खोलीत घेऊन एफएसआय वाढला म्हणून कम्प्लिशन (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला) अडकलेले. माझ्या मेहुण्याचा फ्लॅट तसा, कम्प्लिशन नाही म्हणून बँक नाही म्हणे, विकायला गेला तर गिऱ्हाईक नाही. तेव्हा स्टे आणायच्या आधी बघा तो कोणाच्या गळ्यात पडतो.

मला पाण्यापेक्षा पावसाची भीती जास्त वाटते. मळा होता तोवर पाऊस मळ्यात मुरायचा. आता तिथे बेसमेंट, पेव्हर ब्लॉक आणि गच्ची. ते पाणी तुमच्या गल्लीतच येणार. आणि नैसर्गिक नाला असेल तर तो कुठे गेला ते बघा, पाईपात घालून वर पार्किंग केलेले नाले मी पाहिलेत. आम्ही इथे २००८, २०१६, २०१९ चे पूर गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या मापाने मोजलेत, पण आता गोदावरीला पूर नसला तरी गल्लीत पूर येतो ही नवीनच प्रगती आहे. नासर्डी नदीला नंदिनी नाव देऊन झालं, पाणी तेच.

गंमतजंमत

तिथे टू बीएचके काय रेट चाललाय? फाट्यापासून किती आत आहे?

रोहाऊसवाली

@गंमतजंमत बोर्डावर नंबर आहे, तिथे विचारा 🙏

@जुना_पंचवटीकर तुमचं पहिलं वाक्य लागलं, पण खरंय. आमच्या आधी तिथे दोन मळेवाल्यांची घरं होती आणि त्यांच्या विहिरीचं पाणी आमचे बोअर झाल्यावर आटलं असं ते म्हणायचे, आम्ही तेव्हा हसलो होतो.

@टी_मारणारा दादा, बादलीचं आजपासून सुरू करते. लाईन चार इंची आहे की सहा हे कळणार कसं?

टी_मारणारा

व्हॉल्व्हमनला विचारा, तो सगळ्यात खरं सांगेल. कागदापेक्षा त्याच्या डोक्यातला नकाशा बरोबर असतो, कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की कुठली गल्ली बोंबलते हे त्यालाच माहीत. सकाळी सहाला तुमच्या कोपऱ्यावर येतच असेल, चहा पाजा.

खडू_डस्टर (सिडको)

शाळा-दवाखान्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहिते, मी शिक्षिका आहे.

पाण्याचा परिणाम पहिल्या दिवशी दिसतो, शाळेचा चार-पाच वर्षांनी. टॉवरमधे पहिल्यांदा राहायला येतात ते बहुतेक नवीन लग्न झालेले किंवा तान्ही मुलं असलेले. म्हणजे आधी लसीकरणाच्या दिवशी रांग वाढते, मग अंगणवाडी आणि प्लेग्रुप, आणि मग एका जूनमधे अचानक पहिलीला एवढी मुलं येतात की आम्ही स्टाफरूमचा वर्ग करतो. आमच्याकडे एकदा खरंच केलंय, कपाटं व्हरांड्यात आणि आम्ही डबा झाडाखाली. तोपर्यंत टॉवरची बातमी जुनी झालेली असते, त्यामुळे कोणी दोन्हीचा संबंध जोडत नाही.

नियमाने पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत. शहरी आरोग्य केंद्राचं माप साधारण ५० हजार लोकांमागे एक असं आहे. म्हणजे तुमच्या एकट्या टॉवरमधल्या हजार लोकांमुळे कोणी नवीन दवाखाना देणार नाही, कारण हजार म्हणजे काहीच नाही. पण तुमच्या फाट्याच्या आसपास असे किती टॉवर चालू आहेत ते मोजा. प्रत्येक जण आपल्यापुरता हजार, आणि सगळे मिळून किती ते कोणीच मोजत नाही, कारण परवानगी एकेका प्लॉटची असते.

आता महत्त्वाचं. शहर विकास आराखडा २०१७ चा आहे, त्यात तुमच्या भागात शाळेसाठी, दवाखान्यासाठी, मैदानासाठी आरक्षणं टाकलेली असतील, भाग नकाशा (आराखड्यातला आपल्या भागाचा तुकडा) काढून बघा. एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे, आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. २०१७ अधिक दहा किती होतात? माझ्या मते टॉवरवर मोर्चा नेण्यापेक्षा शाळेच्या त्या मोकळ्या प्लॉटवर डोळा ठेवलेला बरा, नाहीतर त्याच्यावरही पत्रे लागतील आणि तुम्ही इथे दुसरा धागा काढाल.

दहा_रुपयाचं_तिकीट

कागदांचं मी सांगतो, निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे, हाच धंदा.

पहिलं, प्रकल्पाचा महारेरा नंबर (बांधकाम प्रकल्पांच्या सरकारी नोंदणीचा) बोर्डावर असतो, २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही लागतो, तो स्कॅन करा, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, किती फ्लॅट, पूर्ण कधी करणार, सगळं फुकट दिसतं. पार्किंग धरून बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या पुढे गेलं तर पर्यावरण मंजुरी लागते (२००६ ची अधिसूचना). २१६ फ्लॅट आणि दुकानं म्हणजे जायची शक्यता आहे. ती मंजुरी असेल तर परिवेश ह्या केंद्राच्या पर्यावरण मंजुरीच्या पोर्टलवर सापडते आणि खरा खजिना तिथे आहे, पाणी किती लागणार आणि कुठून आणणार, सांडपाणी किती निघणार आणि किती वापरणार, पावसाचं पाणी कुठे सोडणार, हे सगळं त्यांनी स्वतः लिहून दिलेलं असतं. दर सहा महिन्यांनी अटी पाळल्याचा अहवालही द्यावा लागतो. लोक परवानगी बोगस आहे म्हणून ओरडतात, ती बोगस नसते हो, त्यात कबूल केलेलं पुढे कोणी तपासत नाही एवढंच असतं.

दुसरं, माहिती अधिकार. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवस. आपल्या राज्यात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्द ही मर्यादा आहे, म्हणून "आमच्या भागातील सर्व सुविधांची माहिती द्यावी" असं निबंधासारखं लिहू नका, अर्ज परत येतो. एक अर्ज फक्त पाण्याचा: ह्या सर्व्हे नंबरवरच्या प्रकल्पाला नळजोडणी कुठल्या व्यासाच्या लाईनवरून प्रस्तावित आहे, नकाशाची प्रत द्या. दुसरा फक्त ड्रेनेजचा. मी एकदा सगळं एकाच अर्जात कोंबलं होतं, एका ऑफिसातून दुसऱ्यात फिरून तो साडेतीन महिन्यांनी आला, आणि उत्तर काय तर "माहिती व्यापक स्वरूपाची आहे".

कचऱ्याचं: गेट लावलेली सोसायटी ५ हजार चौरस मीटरच्या वर असेल तर ओल्या कचऱ्याची जागेवर विल्हेवाट हे २०१६ च्या नियमांपासून आहे. रोज १०० किलोच्या वर कचरा म्हणजे मोठा उत्पादक. हजार माणसं, माणशी ३०० ग्रॅम धरा, तीनशे किलो. तर मंजूर नकाशात खताच्या खड्ड्याची किंवा मशीनची जागा दाखवलीय का बघा आणि नंतर तिथे स्कूटर लागत नाहीत ना तेही बघा.

आगीचं: २००६ चा राज्याचा कायदा आहे, यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैला द्यावं लागतं, बी नमुन्यात. टॉवरवाल्यांचा विषय आहे, पण तुमच्या गल्लीत दोन्ही बाजूला गाड्या लागत असतील तर बंब त्यांच्यापर्यंतही जाणार नाही आणि तुमच्यापर्यंतही. गाड्या कोणाच्या आहेत, टॉवरच्या तर अजून नाहीत ना?

आणि नगरसेवकाला भेटा. मार्च २०२२ ला मुदत संपली ती थेट २०२६ च्या जानेवारीत निवडणूक झाली, मधे जवळजवळ चार वर्षं भेटायला माणूसच नव्हता. आता नवीन आहेत तोवर फोन उचलतात.

टी_मारणारा

ड्रेनेजचं राहिलं होतं. पाण्याच्या ८० टक्के बाहेर पडतं धरतात, म्हणजे रोज १ लाख १६ हजार लिटर. पण ताई तुमचं झाकण आत्ताच पावसाळ्यात उचललं जातं ना, मग त्यात पावसाचं पाणी शिरतंय. ड्रेनेज लाईन पावसासाठी नसते. गच्चीचे पाईप लोकांनी चेंबरमधे जोडलेले असतात, कारण अंगणात पाणी नको. ३४ घरांपैकी किती जणांनी जोडलेत बघून घ्या. कागद द्यायला गेलात आणि समोरच्याने हेच विचारलं तर पंचाईत होईल.

आणि दुसरा प्रश्न विचारू का, राग येणार नसेल तर. लाईनला थेट मोटार किती घरांत आहे?

रोहाऊसवाली

(दहा दिवसांनी लिहितेय, आधी जमलं नाही, मुलीची परीक्षा होती.)

बादलीचं रोज लिहिलं, दूधवाल्याच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाली सेकंद. सोमवारी ४८ सेकंद, मंगळवारी ५२, बुधवारी ५०, आणि गुरुवारी एकदम १ मिनिट ३५. शुक्रवारी परत ५१. शनिवारी १ मिनिट ४०. मला वाटलं टॉवरच्या साईटने चोरून कनेक्शन घेतलं, तणतणत वॉचमनकडे गेले तर तो बिचारा म्हणाला मॅडम आमच्याकडे टँकर येतो, हा बघा, आणि खरंच येत होता.

मग व्हॉल्व्हमनला चहा दिला. त्याने आमच्या ओट्यावर बसून बशीत चहा ओतता ओतता सगळं सांगितलं. आमच्या गल्लीत चार इंचीच आहे. डीपी रोडवर मोठी लाईन आहे, आमची गल्ली तिच्यावरूनच जोडलीय आणि आम्ही शेवटचं टोक. टॉवरचं कुठून देणार ते त्याला माहीत नाही, पण "गल्लीतून दिलं तर तुम्ही गेलात" असं म्हणाला. मग उठला, पाईपला हात लावला आणि म्हणाला कोणीतरी मोटार ओढतंय, हात लावून बघा, थरथरतंय. मी हात लावला. पाईप खरंच थरथरत होता, मोबाईल व्हायब्रेटवर असतो ना तसा.

तर मोटारी मोजल्या. ३४ पैकी १९ घरांत. गच्चीचे पाईप चेंबरमधे, ११ घरं. गुरुवारी आणि शनिवारी ज्यांची चालू होती ते म्हणजे मोर्चा काढू म्हणणारे काका, त्यांच्याकडे वार ठरलेले आहेत, कपडे धुवायचे. आणि १९ मधे आमचीही एक आहे. मला माहीत नव्हती, जिन्याखाली जुन्या सतरंजीमागे आहे, ह्यांनी २०१८ ला बसवली, म्हणे तू माहेरी होतीस.

पाण्याचा अर्ज टाकलाय, तो एकच मुद्दा, डीपी रोडच्या लाईनवरून जोडा, थोडक्यात बसवायला मुलीने मदत केली. २७ घरांच्या सह्या झाल्या. सात जणांनी नाही केल्या, त्यातले पाच मोटारवाले आहेत, त्यांना भीती की महापालिकेची माणसं बघायला येतील. ड्रेनेजचा अर्ज थांबवलाय, आधी ते ११ पाईप काढून घेतोय, प्लंबर रविवारी येणार आहे, घरटी खर्च ज्याचा त्याने.

@खडू_डस्टर मॅडम, भाग नकाशा मागवलाय. मंदिराच्या मागे जो मोकळा प्लॉट आहे, जिथे मुलं क्रिकेट खेळतात, तो शाळेसाठी आहे असं एक जण म्हणतोय आणि मैदानासाठी आहे असं दुसरा, आला की टाकते.

@टी_मारणारा दादा, आमची मोटार काढली काल. आज सकाळी ४४ सेकंद. पण गच्चीवरची टाकी अर्धीसुद्धा भरली नाही, आता खाली संप बांधायचा म्हटलं तर किती लिटरचा बांधू?